मीटर रूमसमोरून गॅसचा पाईप गेला तर म्हणे काय बिघडतं?

नेरुळकर:
काल इथे एकाने लिहिलं की पाईपगॅसचा पिवळा पाईप कुठूनही नेला तरी काय बिघडतं, सिलिंडरची कटकट गेली ना, सोसायटीवाले उगाच बोंबलतात. वाचून डोकंच फिरलं. आमच्याकडे जिन्याखाली मीटर रूम, तिथल्या मेन पॅनलच्या बरोब्बर पुढून तो जीआयचा, म्हणजे लोखंडी, गॅस पाईप नेलाय, पॅनलचं दार वीतभर उघडतं आणि पाईपला अडतं. जुलैत आत पाणी शिरलं, चर्रचर्र आवाज, जळका वास, वायरमन आला पण मेन स्विचपर्यंत त्याचा हातच जाईना, शेवटी रस्त्यावरच्या विजेच्या पिलर बॉक्समधून लाईट बंद करून घेतली, तोवर पाऊण तास आम्ही सगळे पोरांना घेऊन गेटवर पावसात उभे.

कोपरीकर:
ते मीच लिहिलं होतं आणि आजही तेच म्हणतो. पाईप वळवला की एल्बो, म्हणजे वळणाचे तुकडे, वाढतात, एल्बो आले की जॉइंट आले, जॉइंट आले की गळतीच्या जागा वाढल्या. सरळ नेला तेच बरोबर. आणि हा गॅस हवेपेक्षा हलका, वर निघून जातो. लोकांना घाबरवू नका.

वायरमन ऐरोली:
साहेब, निघून जातो तो उघड्यावर. बंद खोलीत छताला साठतो, आणि स्विच पाडताना ठिणगी उडतेच. गळतीचं सोडा, मेन पॅनलसमोर 1 मीटर जागा मोकळी हवी हा केंद्रीय वीज प्राधिकरणाचा नियमच आहे. पण खरं सांगू का, पाईपपेक्षा लोकांचं फर्निचर जास्त आडवं येतं. डीबी, म्हणजे घरातला मेन स्विचांचा बॉक्स, त्याच्यावर शू रॅक तर घरोघरी. परवा एका घरात डीबीवर देवघर ठोकलेलं, समई पेटलेली, मी आतला एमसीबी, म्हणजे ट्रिप होणारा स्विच, बघायचा कुठून?

घोडबंदरची सून:
दादा, देवघराला मध्ये आणू नका. 1 बीएचकेत भिंती असतात किती? बिल्डरने डीबी नेमका त्याच भिंतीवर दिलाय.

वायरमन ऐरोली:
ताई, देवाला कोण काय म्हणतंय. फळीला बिजागऱ्या लावा, पटकन उघडली पाहिजे एवढंच.

घोडबंदरची सून:
गेल्या वर्षी आमचा गीझर जळला तेव्हा नवरा आधी कपाट रिकामं करत बसला होता, आठवलं की अजून अंगावर काटा येतो. लावते बिजागऱ्या. पण तुम्ही बोललात ते लागलं मला.

नेरुळकर:
अहो धागा मीटर रूमचा आहे, शू रॅक काय, देवघर काय!

कोपरीकर:
मग मुद्द्याचं बोला. पाईप टाकायला सोसायटीची एनओसी लागते. सही कोणी केली?

नेरुळकर:
मीच केली, तेव्हा सेक्रेटरी होतो. ड्रॉइंगमध्ये पाईप डक्टमधून दाखवला होता. काम चालू होतं तेव्हा मी ऑफिसात, संध्याकाळी येऊन बघतो तर क्लॅम्प मारून झालेले. उभं राहून करून घ्यायला हवं होतं, मान्य. पण म्हणून तो पाईप योग्य जागी ठरत नाही.

कोपरीकर:
बरं, मीटर रूममधून नको, एवढं मानतो. पण बाहेरच्या भिंतीवरून सरळच न्यायला हवा. आणि हलवायला कुठला तरी प्लंबर बोलावू नका, गॅस कंपनीचाच माणूस लागतो.

नेरुळकर:
माहितीये. दोनदा अर्ज दिलाय. शिफ्टिंगचा खर्च सोसायटीने भरा म्हणतात, आणि सोसायटीच्या जनरल बॉडी मीटिंगमध्ये पैशाचा विषय काढला की तुमच्यासारखाच एखादा मेंबर उठून विचारतो, चाललंय ना सगळं, काय बिघडलंय?