ख्रिस्ताच्या दुःखातून नम्रता शिकायची म्हणजे नेमकं काय?

सदरवाली: नागपूरहून विचारतेय. उपवासकाळात चर्चमधे बायबलमधल्या फिलिप्पैकरांच्या पत्राचा 2रा अध्याय वाचला, ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केलं, वधस्तंभावरचं मरण पण सोसलं. पण ऑफिसमधे कोणी चारचौघांत बोललं की माझं डोकं फिरतं, मग नम्र म्हणजे गप्प बसायचं का?

मोहननगरकर: नाही ना ताई. योहान 18 बघा, शिपायाने चापट मारली तर येशूने विचारलंच, मी बरोबर बोललो तर मारतोस कशाला? म्हणजे खरं बोलायचं, बदला नाही घ्यायचा, 1 पेत्र 2:23 मधेही तेच, त्याने न्याय देवावर सोपवला. मला हे फार मोठं वाटतं.

इतवारीचा भाऊ: आणि ज्या रात्री पकडून नेलं त्याच रात्री येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याला पकडून देणाऱ्या यहूदाचे पण! आपण तर भांडलेल्या माणसाला चहासुद्धा विचारत नाही.

सदरवाली: यहूदाचं वाचून अंगावर काटा आला. योहान 13 आज घरी सगळ्यांसोबत वाचते.