मदत हवी आहे : ओळंब्यात नसलेल्या भिंतीला शॉवरचा काचेचा दरवाजा कसा बसवावा?

नमस्कार,

स्नानगृहातील टाइल बसवून झाल्या असून आता दोन भिंतींमधली शॉवरची जागा काचेने बंदिस्त करायची आहे. कारागिराने १० मिमी जाडीची, चौकट नसलेली टफन्ड (तापवून व झटपट थंड करून कणखर केलेली) काच सुचवली आहे. त्याच्या आराखड्यात उजवीकडे सुमारे ३०० मिमीचा स्थिर भाग असून दरवाजा डाव्या भिंतीला बिजागऱ्यांवर बसतो.

अडचण आहे ती याच डाव्या भिंतीची. ओळंबा लावून पाहिल्यावर ती वरच्या बाजूला बाहेर झुकलेली आढळली. खाली रुंदी ९३० मिमी भरते, तर २००० मिमी उंचीवर ९३८. उजवी भिंत सरळ आहे. "एवढा फरक सिलिकॉनमध्ये जिरून जाईल," असे कारागीर म्हणतो; पण बिजागरीच्या बाजूला सिलिकॉन भरले तर दरवाजा उघडणार कसा, या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हते. शिवाय झुकलेल्या भिंतीवर दोन्ही बिजागऱ्या बसवल्या, तर त्यांची रेषाच तिरकी होऊन दरवाजा कोणी हात न लावताही आपोआप फिरेल, अशी माझी शंका आहे.

दरवाजा उजव्या भिंतीला लावावा, तर बाहेर उघडताना तो वॉशबेसिनवर आदळतो, आणि तो आत उघडणारा मला नको आहे, कारण आतली व्यक्ती घसरून पडल्यास दारच अडेल. सरकत्या दारामुळे ये-जा करण्यास जेमतेम अर्धी रुंदी उरते. टफन्ड काचेला नंतर ना कापता येते, ना भोक पाडता येते, त्यामुळे मापे देण्यापूर्वीच हे ठरायला हवे. काचेची एक बाजू भिंतीप्रमाणे तिरकी कापून घ्यावी का? १० ऐवजी ८ मिमी काच पुरेल का? आणि अशी काच कधीकधी कारण नसताना फुटते असे ऐकले, त्यावर काही उपाय आहे का?

प्रतिसाद :

नमस्कार. आपली शंका रास्त आहे. बिजागऱ्यांची रेषा ओळंब्यातच हवी. भिंत तशी नसेल, तर त्या भिंतीला दरवाजा लावू नये. आपल्या जागेत मी आराखडा उलटा करीन. स्थिर भाग डावीकडे घेऊन तो भिंतीवरच्या यू-चॅनलमध्ये (इंग्रजी 'U' आकाराच्या धातूच्या पट्टीत) बसवावा आणि दरवाजा त्या काचेलाच काच-ते-काच बिजागऱ्यांनी जोडावा. दरवाजा डावीकडे बाहेर उघडेल, बेसिन मोकळे राहील, आणि ८ मिमीचा फरक सुमारे २० मिमी खोल चॅनलच्या पोटात जाईल. तिरकी कापलेली काच दिसायला अधिक नेटकी असते, परंतु माप जरा चुकले तर ती काच वाया जाते, म्हणून मी चॅनललाच पसंती देईन.

मात्र दरवाजाचा सगळा भार आता त्या अरुंद स्थिर काचेवर येतो. १० मिमी काचेचे वजन चौरस मीटरला २५ किलो असते, म्हणजे आपला सुमारे ६२० मिमीचा दरवाजा ३१ किलोच्या आसपास भरेल. त्यामुळे वर भिंतीपासून भिंतीपर्यंत आधाराची आडवी दांडी अवश्य घ्यावी आणि बिजागऱ्यांच्या जोडीची क्षमता याहून बरीच जास्त आहे ना, हे तपासून घ्यावे. या रचनेत मी ८ मिमीवर उतरणार नाही.

आपोआप फुटण्यामागे बहुधा काचेत अडकलेले निकेल सल्फाइडचे सूक्ष्म कण असतात. ते काळाच्या ओघात फुगतात. 'हीट सोक' चाचणीत काच सुमारे २६० ते २९० अंश सेल्सिअस तापमानात काही तास ठेवतात, आणि सदोष काचा बहुतांशी कारखान्यातच फुटून जातात. पूर्ण हमी त्यानेही मिळत नाही, तरी मागणी नोंदवताना ती लेखी मागावी. कडांची काळजी त्याहूनही महत्त्वाची आहे : टफन्ड काच कडेवरच्या छोट्याशा टवक्यानेही फुटू शकते, तेव्हा ती थेट टाइलवर किंवा धातूवर टेकू देऊ नये, खाली प्लास्टिकचे ठोकळे हवेत.

कारागीर स्थिर काचेखालचे चॅनल स्क्रूने बसवू लागला तर त्याला थांबवावे. उंबरठ्यात भोक पाडले की खालचा जलरोधक थर छेदला जातो. ते चॅनल नुसत्या सिलिकॉनवरही पक्के बसते.