रात्री हात बधिर होऊन जाग येणाऱ्यांनो, इथे लिहा

काल रात्री तीनला जाग आली, उजवा हात बधिर, बोटांत मुंग्या. उठून हात झटकत बसले आणि एकदम आई आठवली. लहानपणी पाणी प्यायला उठलो की ती अंधारात ओट्यापाशी उभी राहून अशीच हात झटकायची, आम्ही म्हणायचो आई थर्मामीटर झटकतेय. चौघांच्या चादरी हाताने पिळायची तेव्हा. मी काय पिळते, हिंजवडीत बसून माउस नुसता. डॉक्टर म्हणाले कार्पल टनेल. कोणाकोणाला आहे? ऑपरेशन न करता काय केलंत?

पेठेतला_काका
करंगळीत मुंग्या येतात का ते आधी सांगा. या दुखण्यात अंगठा, पहिली दोन बोटं आणि अनामिकेचा अर्धा भाग जातो, करंगळीची नस वेगळीकडून येते. मनगटात आठ छोटी हाडं, वर एक चिवट पट्टा, त्या बोगद्यातून नऊ स्नायूंच्या दोऱ्या आणि एक नस. सूज आली की दबते कोण? बिचारी नस.

कात्रजकर
म्हणजे आमचा जुना बोगदाच की 😂 संध्याकाळी सातला या, नस कशी दबते ते गाडीत बसून कळेल

पेठेतला_काका
तुम्हाला कोणी सांगितलं होतं तिकडे फ्लॅट घ्यायला

अवनीचीआई
मला आठव्या महिन्यात दोन्ही हातांना. सासूबाई म्हणाल्या वारं लागलंय, लसूण घालून तेल चोळलं, छान वाटायचं पण रात्री परत तेच. अंगात पाणी साठतं म्हणून होतं म्हणे. डिलिव्हरीनंतर महिनाभरात गेलं, पण बाळाला एका हातावर घेऊन मनगट वाकवून पाजायचे तेव्हा थोडं परत आलं, मग उशी घेतली. बाय द वे कोथरूडला पोळ्यांना कोणी मावशी आहेत का?

रात्रपाळी
स्प्लिंट!! मेडिकलमधून घेतला, रात्री झोपताना घालायचा, मनगट सरळ राहतं. आपण झोपेत हात मुडपून उशीखाली घालतो ना त्यानेच जास्त दाब येतो. करकचून बांधू नका, पहिल्यांदा मी तेच केलं आणि आणखी बधिर. दीडेक महिना नेमाने घातला तेव्हा फरक, दोन दिवसांत नाही. बायको म्हणते बॉक्सर शेजारी झोपलाय

बुलेटवाला
माझा डावा गेला, कर्वे रोडला क्लच दाबून दाबून. गाडी विकणार नाही. 🙏

शिल्पा_सिंहगडरोड
थायरॉइड आणि शुगर तपासा गं आधी. माझा टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या तपासणीतला आकडा, वाढलेला निघाला, मी आपली वर्षभर मानेचे व्यायाम करतेय. आणि कोणी बी सिक्सच्या गोळ्या खा म्हणालं तर मनाने जास्त खाऊ नका, त्या फार झाल्या तर नसांनाच त्रास देतात. मी कणीक फूड प्रोसेसरमध्ये मळते आता, सासरे म्हणतात पोळी चिवट होते. होऊ दे.

निवृत्तबँकर
माझी चूक लिहितो. तीन वर्षं शेक, बाम, मालिश. मग शर्टाची बटणं लागेनात, चहाचा कप सुटायला लागला. आरशासमोर दोन्ही तळवे धरले तर उजव्या अंगठ्याखालचा उंचवटा चक्क बसलेला. नसेची तपासणी केली, एनसीव्ही, बारीक शॉक देतात, सुईला घाबरणाऱ्यांनीही करावी. डॉक्टर म्हणाले आता घरगुतीची वेळ गेली. ऑपरेशनमध्ये हात तेवढा बधिर करून मनगटातला तो चिवट पट्टा मोकळा केला, त्याच दिवशी घरी. रात्रीची झोप लगेच परत आली, उंचवटा काही पूर्ण भरला नाही. तळव्यावर जोर देऊन उठताना अजून खुपतं.

धागाकर्ती
काका, वाचून लगेच तळवे बघितले, दोन्ही सारखे आहेत हुश्श. आजच स्प्लिंट आणते. आईला फोन केला, म्हणाली मला वाटायचं सगळ्यांनाच होतं.

अवनीचीआई
पोळ्यांच्या मावशी राहिल्याच

शिल्पा_सिंहगडरोड
आमच्यावाल्यांचा नंबर खाजगी निरोपात पाठवते. पण महिनाभर थांबावं लागेल, त्यांचाच हात धरलाय 🙈