वाटीखालचे दुखणे आणि ऑपरेशनची घाई

शारीरिक शिक्षण शिक्षक, दारव्हा तालुका

काल एका पालकांनी येथे लिहिले की, त्यांच्या मुलाच्या गुडघ्याच्या वाटीखाली वर्षभरापासून दुखते, पोलीस भरती तोंडावर आली आहे, तेव्हा ऑपरेशन करून एकदाचे मोकळे व्हावे. त्यावर अनेकांनी माना डोलावल्या, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. अशा दुखण्यात वाटीला नडगीच्या हाडाशी जोडणारी जाड शीर, म्हणजे टेंडन, तुटलेली नसते. उड्या आणि झटके सतत बसत राहिले, सावरायला अवधी मिळाला नाही, की टेंडनची घडण हळूहळू बिघडते. नॉर्वेतील डॉक्टरांनी याच प्रश्नावर केलेली तुलना 2006 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांनी 20 गुडघ्यांवर शस्त्रक्रिया केली आणि 20 गुडघ्यांना 12 आठवडे उतरत्या फळीवर बैठका करायला लावल्या. वर्षभराने पाहिले तेव्हा दोन्ही गटांच्या सुधारणेत एकमेकांपेक्षा फरक आढळला नाही. मग तरण्या मुलाच्या गुडघ्याला आधीच सुरी कशासाठी लावायची?

कबड्डी संघाचे व्यवस्थापक, पुसद

सर, आपण अर्धीच गोष्ट सांगितली. त्याच तुलनेत व्यायामाच्या गटातील 5 गुडघ्यांना गुण आला नाही आणि अखेर त्यांच्यावर शस्त्रक्रियाच करावी लागली. माझा पुतण्याही त्यांच्यातलाच. दोन हंगाम बैठका करूनही त्याचे दुखणे हटले नाही, तेव्हा दुर्बिणीतून खराब भाग काढून घेतला आणि आज तो चढाईला जातो. पोलीस भरतीला खुल्या प्रवर्गात वयाची मर्यादा 28 वर्षांची आहे. मुलांच्या मैदानी चाचणीत 1600 मीटर धावण्याला 50 पैकी 20 गुण आहेत. पगारी नोकरीत बसून ‘थांबा, धीर धरा’ असे सांगणे सोपे असते.

माजी व्हॉलीबॉल खेळाडू, आर्वी

भाऊ, पुतण्या बरा झाला याचा आनंद आहे, पण माझेही ऐका. माझे ऑपरेशन झाले, टाके निघाले आणि ‘आता आराम करा’ एवढे सांगून मला घरी पाठवले. पुढे मांडीची ताकद परत कशी आणायची, हे कोणीही सांगितले नाही. आजही जिना उतरताना मला कठडा धरावा लागतो. त्याआधी स्पर्धेच्या सकाळी त्याच जागी इंजेक्शन टोचून मला मैदानात उतरवले जात असे. माझा गुडघा त्या इंजेक्शनांनी खाल्ला, असे माझे ठाम मत आहे.

कबड्डी संघाचे व्यवस्थापक, पुसद

ताई, इंजेक्शनाला सरसकट नावे ठेवू नका. कापूस घरात आला की गावोगावी सामने सुरू होतात. बक्षिसाच्या रकमेवर मुलांचे बूट आणि प्रवासखर्च निघतो. चढाई करणारा मुलगा ऐन अंतिम सामन्यात बसून राहिला, तर बाकीच्या मुलांना मी काय तोंड दाखवू?

फिजिओथेरपिस्ट, वर्धा

येथे मला बोललेच पाहिजे. डेन्मार्कमध्ये 2009 साली स्टेरॉइडचे (सूज आणि कळ दाबणाऱ्या औषधाचे) इंजेक्शन, उतरत्या फळीवरील बैठका आणि जड वजनाचे संथ व्यायाम अशी तिहेरी तुलना झाली. बाराव्या आठवड्याला तिन्ही गटांना आराम होता, परंतु सहा महिन्यांनी इंजेक्शनाचा गुण ओसरला आणि व्यायामाचा टिकला. कळ दबली म्हणून मुलगा पूर्ण ताकदीने झेप घेतो आणि आधीच दुबळ्या झालेल्या टेंडनवर सगळा भार येतो. अशा वेळी टेंडन तुटण्याचा धोका असतो. ती तुटली, तर मात्र शस्त्रक्रियेवाचून बहुधा गत्यंतर उरत नाही. मुलांच्या बुटांसाठी मुलांचेच गुडघे गहाण टाकण्याला व्यवस्थापन म्हणत नाहीत.

कबड्डी संघाचे व्यवस्थापक, पुसद

शब्द जपून वापरा. माझ्या मुलांना मी पदरचे जेवण घातले आहे. आमच्या गावापासून फिजिओथेरपिस्ट किती लांब बसतो आणि एका फेरीत मजुराचा दिवस कसा बुडतो, हे आधी येऊन पाहा. सामन्याच्या सकाळी इंजेक्शन नको, एवढे मी मानतो. याहून अधिक काही मानत नाही.

शारीरिक शिक्षण शिक्षक, दारव्हा तालुका

लांबचा प्रवास ही अडचण खरी आहे, म्हणूनच घरी होणारा उपाय लिहितो. 45 सेंटिमीटर लांबीच्या जाड फळीचे एक टोक 19 सेंटिमीटर उचलले की सुमारे 25 अंशांचा उतार मिळतो. टाच वर आणि बोटे खाली ठेवून दुखऱ्या पायावर सावकाश खाली जायचे आणि वर येताना दुसऱ्या पायाचा आधार घ्यायचा. पंधरा-पंधराच्या तीन फेऱ्या, दिवसातून दोनदा. सोसवेल इतकी कळ चालते. ती कमी झाली की दप्तरात हरभरा भरून वजन वाढवायचे. या काळात उड्या आणि डांबरी रस्त्यावरचे धावणे आवरावे लागते. पुतण्याने दोन हंगाम बैठका केल्या, पण त्यासोबत सामनेही खेळले का, हे आपण लिहिले नाही.

कबड्डी संघाचे व्यवस्थापक, पुसद

खेळला. संघात दुसरा चढाईपटू नव्हता.

फिजिओथेरपिस्ट, वर्धा

मग व्यायाम हरला असे म्हणता येणार नाही. तरीही नेटाने व्यायाम करून आणि खेळाचा भार खरोखर कमी करून सहा महिन्यांत फरक पडला नाही, तर शस्त्रक्रियेचा विचार करण्यास माझी हरकत नाही. फक्त त्यानंतरही हाच व्यायाम करावा लागतो आणि मैदानावर परतायला कित्येक महिने जातात. त्यामुळे भरती जवळ आली म्हणून ऑपरेशन करायचे, हा हिशेब जुळत नाही.

मूळ प्रश्न विचारणारे पालक

मुलाची धाव आजपासून थांबवली आहे आणि या भरतीवर पाणी सोडावे लागणार, हे घरात सांगितले आहे. त्याची आई माझ्याशी बोलत नाही. फळी सुताराकडे टाकली आहे. सहा महिन्यांनी दुखणे असेच राहिले, तर मी शस्त्रक्रियेची तारीख घेईन आणि तेव्हा मला येथे कोणी अडवू नये.