आधी पडद्यामागे, मग पडद्यावर

एकाने विचारलंय की नागपुरात राहून मुलांच्या कार्यक्रमाचं निवेदन शिकायचं तर सुरुवात कुठून करावी. माझ्या मते बाहुल्यांपासून. अमेरिकेतले मुलांच्या टीव्ही कार्यक्रमांचे गाजलेले निवेदक फ्रेड रॉजर्स 1954 पासून पिट्सबर्गच्या स्थानिक वाहिनीवर पडद्यामागून बाहुल्याच नाचवत होते. सेटमागे पळताना आवाज होऊ नये म्हणून त्यांनी कॅनव्हासचे बूट घातले, तेच पुढे त्यांची ओळख ठरले. स्वतः कॅमेऱ्यासमोर आले ते 1963 मध्ये, कॅनडात.

बाहुली बोलत असताना निवेदकाने तिच्याकडेच बघायचं. नजर कॅमेऱ्याकडे गेली की मुलांना लगेच कळतं, हे खोटं आहे. ‘बालमित्रांनो’ नको, ‘तू’ म्हणा. समोर एकच मूल आहे असं धरा. प्रश्न विचारल्यावर तीन-चार सेकंद खरंच थांबा. नवखे निवेदक नेमके इथेच घाबरतात आणि उत्तर स्वतःच देऊन टाकतात! कॅमेरा बसलेल्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा.

घरी सराव रेकॉर्ड करत असाल तर आपल्याकडच्या मे महिन्यात कूलरची घरघर माइकमध्ये हमखास येते, नंतर ती नीट काढता येत नाही. खोली आधी गार करून घ्या, मग कूलर बंद. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर, ओढणीला घासणार नाही असा लावा.