मदत हवी आहे: पैदाशीचा वळू गाभ धरवत नाही, विकणाऱ्याची जबाबदारी किती?

उदगीर तालुक्यात देवणी गाई आहेत. दरवर्षी वळू विकणाऱ्या एका गोपालकाकडून वळू घेतला. गाईंवर नीट चढतो, पण २१ दिवसांनी गाई परत माजावर. त्याच गाईंपैकी काही कृत्रिम रेतनाने गाभण राहिल्या, त्यामुळं ‘दोष गाईंत असंल’ हे कृपया सांगू नका. ब्रुसेला (जनावरांत गर्भपात, वांझपणा आणणारा जंतुसंसर्ग) तपासणी निगेटिव्ह आहे. वीर्यात शुक्राणूंची हालचाल फारच कमी निघाली.

विकणारा म्हणतो, उन्हानं झालं. असं होतं हे मान्य. पण नवे शुक्राणू तयार व्हायला साधारण दोन महिने लागतात, तेवढं थांबून पुन्हा तपासलं. फरक शून्य.

लेखी करार नाही. ‘पैदाशीलाच पाहिजे’ हा माझा व्हॉट्सॲप मेसेज, त्याचं ‘खात्रीचा हाय’ हे उत्तर आणि बँकेतून दिलेले पैसे, एवढा पुरावा. वळू सध्या माझ्याकडंच आहे. कोर्टकचेरी शक्यतो नको. पैसे परत किंवा बदली वळू मिळाला तरी बास.

मालविक्री अधिनियम १९३० चं कलम १६ (सांगितलेल्या कामासाठी माल योग्य असणं) इथं लागू होईल का? आणि दोष विक्रीच्या वेळीच होता हे दाखवायला पशुवैद्यकाचा नेमका कोणता दाखला लागेल?