सोलापुरात राहून परदेशी विद्यापीठाची मास्टर्स: कुणी केलीय का?

टॉवेल_ऑफिस:
नमस्कार. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल एक्सपोर्टच्या कंपनीत आहे. पॅकिंग लिस्ट, शिपिंगची कागदपत्रं बघता बघता सगळ्या ऑर्डरींचा डेटाही माझ्याच गळ्यात पडला आणि त्यातच गोडी लागली. शिक्षण बी.एस्सी. कॉम्प्युटर, तीन वर्षांचं. डेटा सायन्समध्ये मास्टर्स करायचीय, पण आई एकटी असते, त्यामुळे सोलापूर सोडणं शक्य नाही. एका एजंटचा रोज फोन येतो: युरोपियन एमबीए, नऊ महिने, परीक्षा नाही, सव्वा लाख, आज भरले तर लाख. घ्यावी का? की दुसरं काही आहे?

सातरस्ता_नाका:
ताई, "परीक्षा नाही" म्हटलं की तिथंच फोन ठेवायचा ओ.

मी अमेरिकेतल्या अटलांटाच्या जॉर्जिया टेक या विद्यापीठाची कॉम्प्युटर सायन्सची ऑनलाइन मास्टर्स इथंच बसून केली, नोकरी सांभाळून. 2014 ला सुरू झालेला कोर्स आहे. दहा विषय, मुदत सहा वर्षं, माझ्या वेळी सगळी फी सात हजार डॉलरच्या आसपास होती. पदवीच्या कागदावर "ऑनलाइन" असा शब्द नसतो. पण तीन शिफारसपत्रं लागतात, आणि प्रवेश मिळाला तरी पहिल्या वर्षात दोन पायाभूत विषयांत बी ग्रेड किंवा वरचा आणावा लागतो. माझ्या मार्कशीटवर नुसतं "सोलापूर विद्यापीठ" होतं, 2019 ला नाव बदललं, त्याचं पत्र आधीच काढून ठेवलं होतं. तुमचीही जुनी असेल तर तेवढं काढून ठेवा.

फीपेक्षा वेळ लई खातं. अटलांटात रविवारची मध्यरात्र म्हणजे आपल्याकडं सोमवारी सकाळचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. म्हणजे इकडं साहेब कामाला हाक मारतोय आणि तिकडं असाइनमेंट चढवायचीय. त्यात वसंत सत्राची परीक्षा एप्रिलअखेरीला. सोलापुरात तेव्हा ऊन बेचाळीसच्या पुढं आणि लग्नसराई जोरात. परीक्षा घरूनच, पण कॅमेऱ्यासमोर: आधी आख्खी खोली फिरवून दाखवायची, टेबलाखालचंही. मधे कुणी दार उघडायचं नाही. खाली बँडवाले "झिंग" करत गेले तरी हूं की चूं करायचं नाही. इन्व्हर्टर आणि मोबाइलचं नेट तयार ठेवलं तरच बसा. चुलत्याच्या घरच्या हळदीला गेलो नाही म्हणून काकू अजून टोमणे मारते.

तुमची बी.एस्सी. तीन वर्षांची, आणि तिकडं बऱ्याच ठिकाणी चार वर्षांची पदवी मागतात, म्हणून मी तुम्हाला अमेरिकेतलंच कोलोरॅडो विद्यापीठ, बोल्डर बघा म्हणेन. डेटा सायन्सची मास्टर्स कोर्सेरा या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर चालते. मार्कशीट मागत नाहीत. ठरवून दिलेले सुरुवातीचे कोर्स क्रेडिटसाठी, म्हणजे पदवीत धरले जातील असे, करायचे, सरासरी बी ग्रेड आली की प्रवेश. महाग आहे: तीस क्रेडिट, मी पाहिलं तेव्हा एकाचे 525 डॉलर, म्हणजे एकूण 15,750. पण एकदम भरायचे नाहीत, एकेक कोर्स घ्याल तसे भरायचे. आणि तोच कोर्स आधी बिनक्रेडिट करून बघता येतो, जमला तरच क्रेडिटसाठी पैसे भरायचे.

निवृत्त_मास्तर:
एक प्रश्न कुणीच विचारला नाही: पदवी दाखवायची कुणाला? खासगी कंपनीला दाखवायची असेल तर वरचं सगळं ठीक. पण पुढे प्राध्यापकी, सरकारी नोकरी, पीएच.डी. असं काही मनात असेल तर समकक्षता, म्हणजे ही पदवी भारतातल्या पदवीच्या बरोबरीची आहे असं प्रमाणपत्र, लागते. ते काम पूर्वी एआययू (भारतीय विद्यापीठ संघ) पाहायचं, आणि दूरस्थ परदेशी पदव्यांना ते समकक्षता देत नसे. एप्रिल 2025 मध्ये यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) समकक्षतेचे स्वतःचे नवे विनियम काढले आहेत. फी भरण्याआधी ते स्वतः वाचा.

तुमच्या त्या एजंटबद्दल: परदेशी विद्यापीठांशी हातमिळवणी करून ऑनलाइन पदव्या विकणाऱ्या कंपन्यांपासून सावध राहा, असं यूजीसीने डिसेंबर 2023 मध्येच जाहीर केलं होतं. दूरस्थ शिक्षणाला मात्र उगाच नावं ठेवू नका. लंडन विद्यापीठ 1858 पासून बाहेर राहणाऱ्यांना पदव्या देतंय, आणि नेल्सन मंडेलांनी तुरुंगातून त्याच विद्यापीठाचा कायद्याचा अभ्यास केला.

टॉवेल_ऑफिस:
सरकारी नोकरी नको, आमच्याच साहेबांना दाखवायचीय! बोल्डरचं आवडलं. पण रुपयांत चौदाएक लाख होतात हे बघून घाम फुटला. आणि पैसे बाहेर पाठवताना कर कापतात म्हणे?

सातरस्ता_नाका:
शिक्षणासाठी एका आर्थिक वर्षात दहा लाखांच्या आत पाठवले तर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच कापतात तो कर, लागत नाही. तुमचे दोन-तीन वर्षांत विभागून जातील. साहेबांना आत्ताच विचारा, निम्मी फी देतील का. डेटा त्यांचाच आहे की ओ. नाही म्हणाले तर पहिला कोर्स बिनक्रेडिट सुरू करा, गणित किती आठवतंय ते तिथंच कळेल. लिनिअर अल्जेब्राची जुनी वही असली तर शोधून ठेवा.